इंग्रजी इडियम (वाक्प्रचार) अडला की डिक्शनरीच्या आधी काय करायचं : संदर्भावरून अर्थ काढायच्या पायऱ्या

शब्द सगळे ओळखीचे आणि वाक्य मात्र डोक्यावरून गेलं, असं इंग्रजी वाचताना-ऐकताना ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी यातून गेलेय, बरीच वर्षं गेलेय, आणि मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला आधी कळावं एवढीच इच्छा आहे.

आधी माझा प्रसंग सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. नोकरीला लागून तीनच महिने झाले होते आणि अमेरिकेतल्या एका सहकाऱ्याचा मेल आला, त्यात एका विषयाबद्दल लिहिलं होतं, 'लेट्स टेबल धिस फॉर नाऊ'. टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं हे मी शिकलेलं होतं आणि पक्कं पाठ होतं, म्हणून रात्र जागून त्या विषयाची तयारी केली, आकडे काढले, आणि मीटिंगमध्ये तो विषय निघालाच नाही. अमेरिकेत टेबल करणं म्हणजे विषय तूर्तास बाजूला ठेवणं, ब्रिटनमध्ये बरोबर उलट, चर्चेला मांडणं. पण मला हा फरक माहीत नव्हता ही खरी अडचण नव्हतीच. त्याच मेलमध्ये पुढचं वाक्य होतं, 'वी विल कम बॅक टू इट नेक्स्ट क्वार्टर'. म्हणजे अर्थ समोर लिहिलेला होता! मी तो वाचला आणि सोडून दिला, कारण टेबलचा अर्थ मी आधीच ठरवून बसले होते.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, इडियममधल्या शब्दांकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं की तो त्या जागी काय काम करतोय.

काय काय लागेल

- शिकणाऱ्यांसाठी बनवलेली एक चांगली डिक्शनरी. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांच्या लर्नर्स डिक्शनऱ्या ऑनलाइन फुकट बघता येतात.
- एक वही किंवा फोनमधली नोट.
- तुम्हाला झेपेल असा मजकूर. लोक हे धरत नाहीत, पण फार महत्त्वाचं आहे. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली दाखवलं की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला तिच्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. आजूबाजूचंच कळत नसेल तर संदर्भ आणणार कुठून?

१. आधी ओळखा की हा इडियम आहे

सोपे असतात ते लगेच कळतात. ऑफिसच्या गप्पांमध्ये कुणी 'स्पिल द बीन्स' म्हणालं आणि आसपास शेंगा-बियांचा पत्ता नाही, की समजायचं इथे काहीतरी वेगळं चाललंय.

अवघड ते, जे शब्दशः घेतले तरी वाक्यात बसतात. 'अंडर द वेदर' म्हणजे तब्येत बरी नसणं, पण हवामानाबद्दल बोलणं चालू असेल तर सरळ पुढे निघून जातो आपण. आणि सगळ्यात फसवे म्हणजे बारक्या बारक्या शब्दांचे. 'बाय अँड लार्ज' (एकंदरीत बघता), 'टच अँड गो' (काय होईल सांगता येत नाही अशी नाजूक अवस्था), 'ऑल अॅट सी' (पार गोंधळलेला). यात चित्र असं डोळ्यासमोर येतच नाही, त्यामुळे अडल्याचंही कळत नाही, नुसतं वाक्य धूसर वाटतं. वाक्य धूसर वाटलं की थांबा, तीच खूण.

अजून एक खूण म्हणजे इडियमची रचना घट्ट असते. आपल्याकडे 'त्याने हात टेकले' म्हटलं की हार मानली. आता म्हणून बघा, 'त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले'. अर्थ गेला, राहिले फक्त हात. इंग्रजीत 'किक द बकेट' म्हणजे मरणं, पण 'द बकेट वॉज किक्ड' केलं की खरोखरची बादली आणि खरोखरची लाथ. उलट 'द बीन्स वेअर स्पिल्ड' चालतं, कारण तिथे बीन्स म्हणजे गुपित आणि स्पिल म्हणजे फोडणं असे तुकडे पाडता येतात. हा फरक लक्षात ठेवा, चौथ्या पायरीत लागेल.

२. इडियम झाकून टाका आणि जागा मराठीत भरा

ही पायरी सगळ्यात कामाची आहे. कागदावर असेल तर अक्षरशः बोट ठेवा त्याच्यावर. असं समजा की तिथे शाई सांडलीय आणि काय लिहिलं होतं ते तुम्हाला बाकीच्यावरून ओळखायचंय.

एक उदाहरण हळूहळू करू. गोष्ट अशी आहे, एका मुलीने दुसऱ्या शहरातल्या नोकरीला होकार दिला, सामान बांधलं, घरमालकाला नोटीस दिली, आणि निघायच्या आदल्या रात्री 'शी गॉट कोल्ड फीट'. सकाळी तिने फोन करून सांगितलं की मी येत नाही.

झाका. आता मागे काय आहे? सगळी तयारी. पुढे काय आहे? नकार. मग मधे असं काहीतरी घडलं ज्याने होकाराचा नकार झाला. मनात येतील तेवढे पर्याय लिहा, एकावर थांबू नका. माझे असे आले: ती आजारी पडली. घरच्यांनी अडवलं. तिला भीती वाटली.

मग एकेक तपासा. घरच्यांनी अडवलं हे बसत नाही, कारण 'शी गॉट' आहे, म्हणजे जे झालं ते तिचं तिलाच झालं, दुसरं कुणी चित्रात नाही. आजारी पडणं मात्र बसतं, आणि पाय गार म्हणजे ताप असावा असंही वाटतं. मग अजून एक वाक्य पुढे वाचा: 'देअर वॉज नथिंग राँग, शी जस्ट कुडन्ट डू इट'. काही बिघडलं नव्हतं, तिच्याने झालं नाही एवढंच. आजारपण गेलं. राहिली भीती, तीही ऐनवेळची. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, तिने कच खाल्ली. बघा, डिक्शनरी न उघडता आपण तिथपर्यंत पोचलो, आणि असा कमावलेला अर्थ विसरला जात नाही.

घाईत सगळे एकच वाक्य वाचतात आणि अंदाज मारतात. निदान मागचं एक आणि पुढची दोन वाक्यं वाचल्याशिवाय अंदाज पक्का करू नका. माझा स्वतःचा अनुभव असा की उत्तर बहुतेक वेळा पुढच्या वाक्यात असतं, मागच्यात कमी.

३. पूर्ण अर्थ नाही आला तरी रंग ओळखा

दरवेळी कच खाल्लीसारखा चपखल शब्द मिळत नाही. तेव्हा तीन प्रश्न विचारा: बरं झालं की वाईट? मोठं की किरकोळ? कोणी कोणाला केलं? एवढं कळलं तरी वाचन अडत नाही.

रंग सांगणारे शब्द म्हणजे जोडशब्द, दोन वाक्यं जोडणारे, त्यांच्यावर पेन्सिलीने खूण करायची सवय लावा. 'बट', 'दो', 'डिस्पाइट', 'इन्स्टेड' आले की इडियमचा अर्थ दुसऱ्या बाजूच्या उलट. 'द रिटन टेस्ट वॉज अ पीस ऑफ केक, बट द इंटरव्ह्यू वॉज टेरिबल', इंटरव्ह्यू भयंकर गेला आणि मधे बट आहे, म्हणजे लेखी परीक्षा सोपी गेली, विषय संपला. 'सो', 'बिकॉज' आले की कारण नाहीतर परिणाम. आणि 'आय मीन', 'इन अदर वर्ड्स' असं काही आलं तर बोलणारा स्वतःच अर्थ सांगणार आहे, कान टवकारा.

बोलणारे असं न सांगताही करतात. 'ही इज सिटिंग ऑन द फेन्स, ही जस्ट वोन्ट डिसाइड'. स्वल्पविरामानंतर काय आलं? इडियमचाच अर्थ, साध्या भाषेत, निर्णय घेत नाहीये, तळ्यात-मळ्यात करतोय. माणूस इडियम वापरतो आणि लगेच तेच पुन्हा साधं करून बोलतो, ही सवय एकदा लक्षात आली की किती ठिकाणी दिसते बघा.

४. आता शब्दांमधल्या चित्राकडे बघा

आत्तापर्यंत शब्द झाकले होते, आता उघडा. तुमचा अंदाज आणि चित्र जुळतंय का एवढंच बघायचं. स्पिल द बीन्ससारखे तुकडे पडणारे असतील तर चित्र मदत करतं, किक द बकेटसारखे असतील तर करत नाही, सोडून द्या.

चित्र कुठल्या जगातून आलंय हे ओळखता आलं तर फार फायदा होतो. 'थ्रो इन द टॉवेल' बॉक्सिंगमधून, आपल्या खेळाडूच्या बाजूने टॉवेल रिंगमध्ये टाकला म्हणजे हार कबूल. 'जंप द गन' शर्यतीतून, बंदुकीचा बार व्हायच्या आधीच पळत सुटणं, म्हणजे उतावीळपणा. 'विन हँड्स डाऊन' घोड्यांच्या शर्यतीतून, जॉकी इतका पुढे असतो की लगाम सैल सोडून हात खाली घेतो, म्हणजे आरामात जिंकणं. अमेरिकन इंग्रजीत बेसबॉल भरलेला आहे: 'टच बेस' (जरा संपर्क करणं), 'बॉलपार्क फिगर' (ढोबळ आकडा), 'रेन चेक' (पावसाने सामना गेला की पुढच्या सामन्यासाठी चालणारा पास, म्हणून 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणजे आत्ता नको, पुन्हा कधीतरी). बेसबॉल न बघणाऱ्याला हे अडतातच, त्यात तुमचा दोष नाही.

क्रिकेटचे ब्रिटिश इडियम आपल्याला सोपे जातील असं वाटतं, आणि तिथेच एक खड्डा आहे. 'द न्यूज हिट हिम फॉर सिक्स'. सिक्सर म्हटलं की आपल्या मनात टाळ्या वाजतात, म्हणून पहिल्यांदा वाचताना मी धरलं की बातमीने तो खूश झाला. अर्थ आहे बातमीने तो पुरता हादरला. आपण बॅट्समनच्या बाजूने बघतो, इडियममधला माणूस फेकला गेलेला चेंडू आहे. पण बघा, तिसरी पायरी केली असती तर, बातमी काय होती? त्याच्या भावाचा अपघात. रंग आधी, चित्र नंतर, हा क्रम का पाळायचा ते यावरून कळेल.

उगमाच्या गोष्टींच्या फार मागे लागू नका. काही पक्क्या आहेत, जसं 'रीड द रायट अॅक्ट' म्हणजे खडसावणं. ब्रिटनमध्ये १७१४ चा रायट अॅक्ट खरंच होता, बारा किंवा जास्त लोकांचा बेकायदा जमाव असला की अधिकारी त्यातली घोषणा मोठ्याने वाचायचा आणि तासाभरात पांगावं लागायचं. पण बऱ्याच गोष्टी मागाहून रचलेल्या असतात. किक द बकेट फ्रान्सिस ग्रोज यांच्या १७८५ च्या बोलीभाषेच्या कोशात सापडतो, पण बादली कुठली यावर अजून वाद आहे, आणि ते न कळताही अर्थ कळतोच.

५. मराठी जोडी शोधा, पण डोळे उघडे ठेवून

मराठी माणसाला वाक्प्रचारांची जन्मापासून सवय असते, ही ताकद वापरा. 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे काणाडोळा करणं. 'टर्न अप युअर नोज' म्हणजे नाक मुरडणं. 'रब सॉल्ट इन द वूंड', जखमेवर मीठ चोळणं. 'बर्न युअर फिंगर्स', हात पोळणं. 'कट ऑफ युअर नोज टु स्पाइट युअर फेस' तर आपल्या स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्याच्या इतकं जवळ आहे की मला पहिल्यांदा वाचताना खूप आनंद झाला होता.

आता फसव्या जोड्या. या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

'पुल समवन्स लेग' म्हणजे कुणाची फिरकी घेणं, गंमत करणं. आपलं पाय ओढणं म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणं. 'आर यू पुलिंग माय लेग?' असं कुणी हसत विचारलं तर तो तुमच्यावर आरोप करत नाहीये.

'टाइटन युअर बेल्ट' म्हणजे काटकसर करणं, खर्च कमी करणं. आपलं कंबर कसणं म्हणजे कामाला सज्ज होणं. कंपनीने सगळ्यांना बेल्ट टाइट करायला सांगितलं आणि तुम्ही उत्साहाने कामाला लागलात तर चांगलंच आहे, पण ती पगारवाढ न होण्याची सूचना आहे हे कळायला हवं.

'फिश आउट ऑफ वॉटर' म्हणजे नव्या जागी अवघडल्यासारखं होणं, बस. आपल्याकडे पाण्याबाहेरचा मासा तडफडतो, जीव जातो त्याचा. इंग्रजीत इतकं टोकाचं नाही.

'ईट युअर वर्ड्स' म्हणजे आपण बोललो ते चुकीचं होतं हे कबूल करावं लागणं. आपण शब्द गिळतो तेव्हा ते बोललेलेच नसतात.

'पे थ्रू द नोज' म्हणजे भरमसाट पैसे मोजणं, नाकी नऊ येण्याशी संबंध नाही.

म्हणून जोडी सापडली की पुन्हा दुसऱ्या पायरीवर या, ती मराठी जोडी त्या रिकाम्या जागेत ठेवा आणि सगळा परिच्छेद मनात मराठीत वाचा. अडखळलं तर जोडी फसवी.

६. बोलणारा कुठला आहे ते बघा

टेबलचं सांगितलंच. तसंच 'मूट पॉइंट', ब्रिटिश वापरात तो बहुतेक वादाचा, ज्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा मुद्दा असतो, अमेरिकेत ज्याला आता अर्थच उरला नाही असा मुद्दा. कोण लिहितंय हे माहीत नसेल तर स्पेलिंग बघा, कलरमध्ये यू आहे की नाही, तेवढा अंदाज पुरतो.

७. समोर माणूस असेल तर विचारा, पण असं

संभाषणात मागचं-पुढचं वाक्य परत वाचता येत नाही. तेव्हा 'व्हॉट डझ दॅट मीन?' विचारण्यापेक्षा तुमचा अंदाजच साध्या शब्दांत परत करा: 'सो वी आर पोस्टपोनिंग इट, राइट?' बरोबर असेल तर तो हो म्हणेल, चुकलं असेल तर दुरुस्त करेल, आणि दोन्ही वेळा तुम्हाला अर्थ मिळाला. त्या मेलला मी एवढी एक ओळ उत्तर पाठवली असती तर रात्र वाचली असती. यात लाज वाटायचं कारण नाही, इंग्रजी मातृभाषा असलेलेही मीटिंगमध्ये हेच करतात.

८. आता डिक्शनरी

अंदाज लिहून झाल्यावरच उघडा. इडियम मुख्य शब्दाखाली शोधायचा, बहुतेकदा नाम किंवा क्रियापद, आणि 'हिज', 'माय' च्या जागी 'युअर', 'वन्स' किंवा 'समबडी' असं छापलेलं असतं, त्यामुळे जसंच्या तसं टाइप करून सापडलं नाही म्हणून सोडू नका. एका इडियमचे दोन-तीन अर्थ असतील तर पहिला उचलू नका, तुमच्या रिकाम्या जागेत बसतो तो घ्या. शेजारी 'इन्फॉर्मल', 'ह्युमरस', 'ओल्ड-फॅशन्ड' अशी लेबलं असतात ती वाचाच. समजणं आणि वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, किक द बकेट कळला म्हणून कुणाच्या शोकसंदेशात लिहायचा नसतो, तिथे 'पास्ड अवे'.

भाषांतराच्या ॲपमध्ये नुसता इडियम टाकू नका. इडियम तुटून शब्दशः मराठी आलं तर निदान चूक कळते, पण गुळगुळीत आणि चुकीचं मराठी आलं तर ते खरं वाटतं आणि तसंच डोक्यात बसतं. टाकायचंच तर पूर्ण परिच्छेद टाका.

अजून खात्री हवी असेल तर कोका नावाचा अमेरिकन इंग्रजीचा ऑनलाइन संग्रह आहे, शंभर कोटींहून जास्त शब्दांचा, त्यात इडियम टाकला की खरी वाक्यं ओळीने दिसतात. ऐकायचं असेल तर यूग्लिशवर व्हिडिओतले तुकडे मिळतात. पाच-सहा वाक्यांत तुमचा अर्थ ठेवून बघा, चार ठिकाणी बसला तर बरोबर.

९. वहीत कसं लिहायचं

इडियम आणि समोर अर्थ अशा याद्या मी खूप केल्या आणि खूप विसरले. आता मी मागचं वाक्य, इडियम असलेलं वाक्य, पुढचं वाक्य, माझा पहिला अंदाज (चुकला असेल तरी खोडायचा नाही), खरा अर्थ, आणि कुठल्या शब्दावरून कळायला हवं होतं ते लिहिते. हा शेवटचा रकाना महिन्याभराने वाचून बघा, कुठला खुणेचा शब्द तुम्ही नेहमी सोडता ते दिसेल. माझा 'फॉर नाऊ' आणि 'येट' सुटायचा, प्रत्येक वेळी.

करून बघा

बोट ठेवून करा, उत्तरं खाली आहेत, लगेच बघू नका.

(क) 'दे वेअर रनिंग लेट, सो दे कट कॉर्नर्स, अँड सिक्स मंथ्स लेटर द रूफ वॉज लीकिंग.'

(ख) 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन, सो डोन्ट टेल एनीवन अंटिल दे अनाउन्स इट.'

(ग) 'आफ्टर थ्री ऑपरेशन्स ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट, बट ही इज ईटिंग अगेन.'

उत्तरं: (क) उशीर होत होता, सो, आणि नंतर छत गळलं, म्हणजे वेळ वाचवायला थातूरमातूर काम केलं. (ख) अजून जाहीर झालेलं नाही तरी कळलंय, म्हणजे कानोकानी, उडत उडत ऐकलं. (ग) इथे दोन खुणा आहेत, येट आणि बट. बटच्या पुढे चांगली बातमी, तो परत जेवायला लागलाय, म्हणजे मागची बातमी काळजीची, अजून धोका टळलेला नाही. आणि 'येट' असल्यामुळे टळेल अशी आशा आहे. जंगलाचा विचार आधी केला असेल तर परत एकदा बोट ठेवून वाचा.